बायाबाईचं बोट

सानगडीत कुणाच्या घशात मासोळीचा काटा अडकला, की तो माणूस ना पाणी पीत असे ना भाताचा घास गिळत असे. तो तडक बायाबाई वलथरेच्या अंगणात यायचा आणि तोंड उघडून बसायचा. बायाबाई डाव्या हाताने त्याची हनुवटी धरायची, उजव्या हाताचं पहिलं बोट आत घालायची, आणि त्याला ओकारी यायच्या आत काटा बाहेर. मग तो काटा उन्हात धरून ती मासा कोणता ते सांगायची. "वाघूर आहे. बोलता बोलता खाल्ला असशीन." माणूस खाली मान घालून घरी जायचा.

मासोळी धरणाऱ्या ढिवराच्या घरचा जन्म आणि ढिवराच्याच घरी दिलेली, त्यामुळे काट्याचं काम तिला कुणी शिकवावं लागलं नाही. गळ्यातल्या गाठी दाबण्याचं काम मात्र सासूकडून आलं. लग्नाला दोन वर्षं झाली असतील. सासूच्या हाताला कंप सुटला होता. एका रविवारी सकाळी सासूने एका रडणाऱ्या पोराचं तोंड सुनेकडे वळवलं आणि म्हणाली, "आता तू दाब." झालं शिक्षण. त्याला आता तीस वर्षं होत आली. रविवार आणि बुधवार ठरलेले. सकाळी उपाशीपोटी यायचं. बायाबाई बोटाला कापूस गुंडाळायची, हळद, मीठ आणि चुलीची राख कालवलेली असायची त्यात ते बोट बुडवायची, आणि सुजलेल्या गाठी आधी उजवीकडची, मग डावीकडची, अशा जोर लावून दाबायची. पोर किंचाळायचं, ओकायचं, थोडं रक्त थुंकायचं. "खराब निघून गेलं," बायाबाई म्हणायची, आणि पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. पैसा घ्यायचा नाही, घेतला तर हाताचा गुण जातो, हे सासूने बजावलं होतं. लोक नारळ आणायचे. घरात नारळ इतके साठायचे की खाणारे कंटाळायचे.

गुण यायचा, हे खरं. दाबल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरायचा, पोर भात मागायचं. न दाबताही तो तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उतरला असता, पण हे पडताळून पाहायला कोण थांबतो? लोक दिघोरीहून यायचे, लाखांदूरकडून यायचे. ज्यांना गुण आला नाही ते पुन्हा आले नाहीत, म्हणून बायाबाईला ते कधी दिसलेच नाहीत.

बाई स्वभावाने चुळबुळी. तिला नुसतं बसता येत नाही. टीव्हीपुढे बसली तर लसूण सोलेल, लग्नाच्या पंगतीत बसली तर शेजारच्या पोराचं नाक पुसेल. तिचा नवरा बुधराम हा तिच्या अगदी उलट. मच्छीमार सोसायटीच्या तलावावर जाळं टाकून तो दोन-दोन तास पाण्याकडे पाहत बसू शकतो. थोरला पोरगा भूपेश बापाची मासोळी मालवाहू ऑटोत घालून साकोलीला पोचवतो. आणि धाकटी रिंकू, बारावीत, साकोलीच्या कॉलेजात. सारं दुःख या रिंकूच्या गळ्यात होतं.

पाच वर्षांची असल्यापासून रिंकूच्या गाठी फुगायच्या. गावभराच्या पोरांना गुण देणारं बोट घरच्याच पोरीला पुरं पडत नव्हतं. ताप, गिळता न येणं, कानापर्यंत ठणका. दाबलं की चार दिवस बरं, महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच. गेल्या वर्षात आठ वेळा. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला पोरगी तोंडाला रुमाल बांधून गेली आणि अर्ध्यातून परत आली. पावसाळा सरता सरता तिचे गुडघे सुजले, मग मनगटं. तेव्हा बायाबाईने कापूस काढला, तर रिंकूने पहिल्यांदाच तोंड उघडलं नाही.

"तुह्या बोटानं बरं व्हाचं असतं तं बारा वर्षात झालं असतं, आई," ती म्हणाली. रागाने नाही, पेपरातलं उत्तर सांगावं तसं.

दुसऱ्या बुधवारी ती भावाच्या ऑटोत बसून साकोलीच्या दवाखान्यात गेली. तिथे दर बुधवारी भंडाऱ्याहून नाक-कान-घशाच्या डॉक्टर यायच्या, प्रतिक्षा गजभिये. पस्तिशीच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं, हृदयाचे फोटो काढायला भंडाऱ्याला पाठवलं, आणि मग सांगितलं, की आईला घेऊन या.

बायाबाई गेली, पण दवाखान्यात शिरताना तिला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाल्या, "घशातले जंतू हिच्या सांध्यात उतरले आहेत. हृदयाची झडप अजून चांगली आहे, नशीब समजा. पुढच्या वेळी तिच्यावर गेले तर मी काही करू शकणार नाही. या गाठी, म्हणजे टॉन्सिल, काढून टाकू."

"कापाच्या?" बायाबाईने विचारलं.

"सुरी नाही, टाके नाहीत. एक बारीक कांडी असते. तिच्या टोकातून मिठाचं पाणी येतं, त्यात वीज खेळवली की गाठ थोडी थोडी विरघळत जाते. कोब्लेशन म्हणतात. जुन्या ऑपरेशनपेक्षा रक्त कमी, दुखतं कमी. दुसऱ्या दिवशी घरी."

"मिठाचंच पाणी ना? मीठ तं मी बी लावतो," बायाबाई म्हणाली.

भूपेशने छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी मात्र मान वर केली आणि विचारलं, "तुम्ही लावता म्हणजे?" रिंकू घाईने म्हणाली, "गुळण्या, मॅडम. मिठाच्या गुळण्या." विषय तिथेच मिटला. पोरीने आईची लाज राखली, की स्वतःची, हे बायाबाईला ठरवता येईना. परतीच्या वाटेवर ती ऑटोत मागे मासोळीच्या रिकाम्या पेट्यांजवळ बसली आणि घर येईपर्यंत एका पेटीच्या कडेचा थर्माकोल नखाने कुरतडत राहिली.

खरी अडचण पुढेच होती. गाठी दाबणाऱ्या बाईची पोरगी गाठी काढायला भंडाऱ्याला जाते, हे गावाला कळलं तर? बायाबाईने ठरवून टाकलं. शेजारी, बाजारात, सोसायटीत, सगळीकडे एकच सांगितलं: रिंकू अड्याळला मावशीकडे गेली, मावशीची तब्येत बरी नाही. ती दुखणाईत मावशी रोज सकाळी फोन करून भाचीची खुशाली विचारायची.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. पाऊण तासात रिंकू बाहेर आली, आणि संध्याकाळी चमच्याने थंड दूध प्यायली. शनिवारी सुटी देताना डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून सांगितलं. थंड, पातळ द्या, आइस्क्रीम द्या, कुल्फी द्या. कडक काही नाही, टोस्ट नाही, चिवडा नाही. कान दुखेल, घाबरू नका. "आणि नीट ऐका. गाठींच्या जागी पांढरी खपली धरेल. दह्याच्या सायीसारखी दिसेल, तोंडाला वासही येईल. तो पू नाही. जखम भरते ती तशीच भरते. तिला कुणी हात लावायचा नाही. पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत ती खपली सुटते, तेव्हा रक्त येण्याची भीती असते. रक्त दिसलं तर तडक मला फोन."

बायाबाईने सगळं ऐकलं. आइस्क्रीम ऐकून तर तिला घामच फुटला. तीस वर्षं तिने येणाऱ्या प्रत्येक आईला बजावलं होतं, दही नको, चिंच नको, बर्फाचा गोळा तर नकोच नको. आणि आता तिच्याच घरी फ्रीजमध्ये कुल्फीच्या कांड्या रांगेने निजल्या. बुधरामची मात्र चंगळ झाली. पोरीला एक, आपल्याला एक. "डाक्टरीनबाईनं सांगतलं आहे," तो म्हणायचा.

रिंकूला मागच्या खोलीत निजवलं. दार लोटलेलं, कारण ती अड्याळला होती ना! रविवारी अंगणात माणसं जमली, बायाबाईने अकरा जणांच्या गाठी दाबल्या. आतल्या खाटेवर पोरगी पडून होती आणि बाहेरची पोरं ओकत होती. काम संपवून बायाबाई आत गेली तेव्हा रिंकू भिंतीकडे तोंड करून होती. बोलताना दुखत होतं म्हणून ती बोलली नाही, असं बायाबाई धरून चालली.

सोमवारी तिने टॉर्च लावून पोरीच्या घशात पाहिलं. दोन्हीकडे पांढरं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, अगदी सायीसारखं. पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. बायाबाईच्या डोळ्यांना तीस वर्षं एकच शिकवण होती: घशात पांढरं म्हणजे खराब, आणि खराब निघालंच पाहिजे.  ती टॉर्च ठेवून अंगणात गेली, उगाच अंगण झाडलं, पुन्हा आत आली, पुन्हा टॉर्च लावली. रिंकूने हाताने टॉर्च बाजूला सारली.

मंगळवारी पांढरं वाढलेलं दिसलं. तोंडाचा वास खोलीच्या दारापर्यंत यायला लागला. रात्रभर कान ठणकला म्हणून पोरगी रडली होती. बाजारात बायाबाई मासोळीचे खवले काढायला बसली आणि हात थांबेनाच, गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, मांस बी काढता का आता?" तेव्हा तिने खाली पाहिलं. रोहूचं अंग सोलून निघालं होतं. घरी येताना वाटभर तिचं एकच चाललं होतं. डॉक्टर भंडाऱ्यात बसली, तिला काय दिसतं? शुक्रवारचं दिसलं, आजचं कुणी पाहिलं? पू नाही म्हणते. वास काय उगीच येतो? आणि खालून दुसरा विचार यायचा, की तुला सांगितलं आहे, हात लावू नको. एक विचार उठला की दुसरा त्याला खाली बसवायचा, आणि ती मधल्या मध्ये हैराण.

बुधरामला तिने जेवताना विचारलं. तो म्हणाला, "डाक्टरीनबाई हात लावू नोको म्हणते, तं नोको लावू. सोपं आहे."

सोपं होतं, पण ते पाण्याकडे पाहत बसणाऱ्या माणसाला.

बुधवार उजाडला. अंगणात नऊ जण. बायाबाईने नऊच्या नऊ जणांच्या गाठी दाबल्या, पण तिचं चित्त मागच्या खोलीत होतं. प्रत्येक उघडलेल्या तोंडात तिला रिंकूचा घसा दिसत होता. माणसं गेली. बुधराम तलावावर गेला, भूपेश साकोलीला. घरात दोघीच. वाटीत कालवलेली हळद अजून उरली होती.

ती आत गेली. रिंकू उशीला टेकून मोबाइल पाहत होती.

"पाहू दे जरासं," बायाबाई म्हणाली.

"आई, नोको ना."

"पाहतो फक्त. खरंच सांगतो. टॉर्चनं पाहतो."

रिंकूने आईकडे पाहिलं. चार दिवस ही बाई तिच्यासाठी पेज निववत होती, उशाशी बसत होती. पोरीने तोंड उघडलं.

बायाबाईने टॉर्च धरली, डाव्या हातात. डावीकडची खपली कडेने सुटल्यासारखी लोंबत होती. एवढीशी. जरा टेकवलं तर येईल, आणि खालचं सगळं मोकळं होईल, पोरीचा कान थांबेल. बोटाला कापूस होता. तो तिने कधी गुंडाळला? बाहेरूनच गुंडाळून आली होती. पाठीमागे हात धरून. म्हणजे फक्त पाहायचं होतं, हे ती स्वतःलाही खोटंच सांगत होती.

बोट आत गेलं.

रिंकू ओरडली नाही, तिला ओरडताच आलं नाही. तिने आईचं मनगट दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढलं आणि वाकून थुंकली. लाल. पुन्हा थुंकली. उशाशी पेजेचं रिकामं पातेलं होतं, त्यात थुंकली, तेव्हा पातेल्याचा तळ दिसेनासा झाला. बायाबाईने हजार पोरांचं थुंकलेलं रक्त पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी खराब निघून गेलं असं म्हटलं होतं. या वेळी तोंडातून शब्द निघाला नाही. तिने बोटाकडे पाहिलं. जेवढा कापूस गुंडाळला होता त्याच्या निम्माच बोटावर होता.

फोन रिंकूनेच लावला आणि आईच्या हातात दिला. डॉक्टर म्हणाल्या, "बसवून ठेवा, निजवू नका. रक्त गिळू देऊ नका, थुंकायला सांगा. आज बुधवार आहे, मी साकोलीलाच आहे, निघा लगेच." भूपेश वाटेतून परत फिरला. रिंकू पुढे भावाशेजारी बसली, मांडीवर पातेलं. बायाबाई मागे पेट्यांमध्ये.

"काय झालं?" भूपेशने मान न वळवता विचारलं.

"आपोआपच आलं," बायाबाई म्हणाली.

रस्ताभर ती पुढच्या जाळीतून पोरीची मान पाहत होती. मान खाली गेली की ती जाळीला कपाळ लावायची, वर आली की मागे सरायची. बोट तिने पदरात गुंडाळून घट्ट धरलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी कपाळाला दिवा लावून आत पाहिलं. रक्त तोवर कमी झालं होतं. त्यांनी औषधाचा बोळा धरून ठेवला, सलाइन लावायला सांगितलं. मग विचारलं, "काय खाल्लं?"

रिंकू घोगऱ्या आवाजात म्हणाली, "टोस्ट."

"काय सांगितलं होतं मी? कडक नाही म्हणून. तुला कळत नाही का? बारावीत आहेस ना?"

रिंकूने मान हलवली. आईकडे ती पाहतच नव्हती. डॉक्टर आणखी बोलल्या, भूपेशही बोलला, "घरात टोस्ट आणलाच कोणं?" पोरगी सगळं ऐकून घेत होती. बायाबाई दाराशी उभी होती. बारा वर्षं जिच्या गाठी दाबल्या त्या पोरीने तिच्यावर पांघरूण घातलं होतं, आणि आता नुसतं गप्प राहायचं होतं. गाव अड्याळवर विश्वास ठेवून होतं, डॉक्टर टोस्टवर.

"थांबलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दोन तास बसवून ठेवू, मग घरी न्या."

घरी न्या म्हटल्यावर बायाबाईने पदरातलं बोट चाचपलं. तिला तो निम्मा कापूस दिसत होता. तो थुंकण्यातून पडला असेल; पातेल्यात तिने पाहिला नव्हता, पण पातेल्यात काही दिसतच नव्हतं. पडलाच असेल. आणि नसेल पडला तर? ती दोन पावलं बाहेर गेली, पुन्हा दारात आली. बाकावर बसली, उठली. तिथल्या नर्सने विचारलं, "आजी, बाथरूम पाहिजे का?" ती नाही म्हणाली आणि सरळ आत गेली.

"मॅडम, अंदर कापूस आहे."

डॉक्टर लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कसला कापूस?"

बायाबाईने पदर सोडला आणि बोट पुढे केलं. हळद, राख आणि वाळलेलं रक्त नखापर्यंत गेलं होतं. "टोस्ट नाही खाल्ला तिनं. मी दाबलो. पांढरं पाहिलो अन् मले राहावलं नाही. खोटं बोलून तोंड उघडाले लावलो पोरीचं."

 भूपेशने तोंड फिरवलं. डॉक्टरांनी पुन्हा दिवा लावला, रिंकूला डोकं मागे टेकवायला सांगितलं आणि बराच वेळ पाहिलं. मग लांब चिमट्याने, अगदी खालून, एक पिवळा धागा बाहेर आला. त्यामागोमाग पुंजका. सुपारीएवढा. त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवला.

"हा रात्री झोपेत श्वासनळीत उतरला असता तर?" त्यांनी विचारलं.  मग म्हणाल्या, "तुम्ही गाठी दाबणाऱ्या का? सानगडीच्या? माझ्याकडे येणारी निम्मी पोरं आधी तुमच्याकडून आलेली असतात. कुणाचा घसा पिकलेला, कुणाच्या मानेत पू झालेला. मी विचारते, कुणाकडे गेला होता, तर नाव सांगत नाहीत. म्हणतात, बाई चांगली आहे, पैसे घेत नाही."

बायाबाई बोटावरची राख दुसऱ्या हाताने पुसत होती.

"आज किती दाबल्या?"

"नऊ."

"कापूस एकच?"

"नाही मॅडम. दरएकाले नवा कापूस."

"आणि बोट?"

बायाबाईने बोटाकडे पाहिलं. "बोट तं एकच आहे," ती म्हणाली. मग आणखी काही सांगायचं म्हणून म्हणाली, "मिठाच्या पाण्यात बुडवतो." डॉक्टरांनी पेन उचललं आणि त्या पुन्हा लिहायला लागल्या. ते बायाबाईला लागलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिंकूला तीन दिवस भंडाऱ्याला ठेवलं. ती बरी झाली. ताप नाही, सांधे शांत, घसा मोकळा. पण घरी आल्यावर ती बापाशी बोलायची, भावाशी बोलायची, आईला मात्र हो-नाही एवढंच. आणि समोर तोंड उघडून जांभईसुद्धा देत नसे. बायाबाई रविवारी अंगणात बसलीच नाही. पहाटेच उठून नवऱ्यामागोमाग तलावावर गेली आणि काठाच्या पाळीवर बसून राहिली. माणसं येऊन परत गेली. बुधराम म्हणाला, "असं किती दिवस लपशीन?" तिने पाण्यात खडा टाकला, आणखी एक टाकला. "तुमची मासोळी भेते," ती म्हणाली आणि उठून दुसरीकडे जाऊन बसली.

बुधवारी तिला लपायला वेळ मिळाला नाही. दार उघडलं तर अंगणात एकच बाई. दिघोरीची रत्नमाला. पहिल्या गाडीने आली होती, कडेवर चार-पाच वर्षांचा पोरगा, हातात नारळ. हा पोरगा बायाबाईच्या ओळखीचा होता. सहा महिन्यांत तो तिसऱ्यांदा आला होता. त्याला इतकं पाठ झालं होतं की बायाबाई दिसताच त्याने न सांगता तोंड उघडलं आणि डोळे गच्च मिटले.

बायाबाईचा उजवा हात आपोआप वर आला. तिने तो डाव्या हाताने धरला.

"मी दाबत नाही आता," ती म्हणाली. "साकोलीले ने. आज डॉक्टरीन येते."

"असं कसं बोलता, बाई? तुमच्याच हाताचा गुण आहे. मागच्या खेपेले आठ दिवस बरा होता."

"आठच दिवस होता ना? ने त्याले. माही पोरगी मावशीकडं गेली नोती, रत्नमाला. भंडाऱ्याले गेली होती. तिच्या गाठी मशीननं काढल्या. मिठाच्या पाण्यानं, वीज लावून. चांगली आहे आता."

रत्नमालाने दाराकडे पाहिलं. दारात रिंकू येऊन उभी होती. रत्नमाला काही क्षण तिच्याकडे पाहत राहिली, मग बायाबाईकडे.

"कवा काढल्या?"

"पंधरा दिवस होतात परवा."

"मंग मागच्या खेपेले मी आलो होतो, थो रविवार..." ती हिशोब लावत होती. "तवा पोरगी अंदर होती?"

"होती."

"ऑपरेशन झालेली?"

"हो."

"तुमची पोरगी दवाखान्यात, अन् माह्या पोराले बोट," रत्नमाला म्हणाली. आवाज चढलाच नाही. "मले काहून नाही सांगतलं, बाई?"

बायाबाईजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गावाची लाज होती, सासूचा वारसा होता, तीस वर्षांचं नाव होतं. ती तोंड उघडायला गेली आणि त्यातलं एकही सांगण्याच्या लायकीचं नाही, असं तिला दिसलं. "नाही सांगतलो," एवढंच ती म्हणाली.

रत्नमालाने पोराला पुन्हा कडेवर घेतलं. त्याचं तोंड अजून उघडंच होतं; आईने ते हाताने मिटवलं. ती स्टँडकडे चालायला लागली. बायाबाईने पायात चपला अडकवल्या, दारामागच्या खुंटीवरून रिंकूच्या ऑपरेशनचा कागद घेतला आणि तिच्या मागे निघाली. साकोलीची गाडी लागलेली होती. रत्नमाला खिडकीशी बसली, पोरगा मांडीवर, बाजूची अर्धी जागा रिकामी. तिने त्या जागेवर पिशवी ठेवली. बायाबाई दांडीला धरून उभी राहिली, साकोली येईपर्यंत.